स्क्रीन छपाईतील जाळीची पूर्वतयारी : इमल्शनआधीचे धुणे आणि परसातील विहीर

चवथ जवळ आली की पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील लहान छापखान्यांत कामाची गर्दी सुरू होते. सार्वजनिक मंडळांचे टी-शर्ट, भजनी मंडळांचे सदरे, कापडी पिशव्या, निमंत्रणपत्रिका अशी कामे एकाच वेळी येतात. पुढे हरमल, मांद्रे, मोरजीच्या किनाऱ्यांवर पर्यटनाचा हंगाम सुरू होतो, लग्नसराई येते आणि शिगम्यातील पथकांच्या पेहरावाची मागणी येते. डिजिटल छपाई सर्वत्र पोहोचली असली, तरी कापडावर गडद आणि टिकाऊ रंग हवा असेल आणि एकाच चित्राचे शे-दोनशे नग छापायचे असतील, तेथे स्क्रीन छपाई आजही परवडते.

या छपाईत दोष आला, की तो बहुधा शाईच्या, प्रकाशाच्या किंवा कारागिराच्या हाताच्या माथी मारला जातो. प्रत्यक्षात अनेक दोषांचे मूळ त्याआधीच्या एका दुर्लक्षित कामात असते, ते म्हणजे जाळी धुण्यात. इमल्शन लावण्यापूर्वी जाळीवर तेलाचा एक अंश राहिला, तर त्या जागी इमल्शन धरत नाही आणि टाचणीच्या टोकाएवढे छिद्र पडते. स्क्रीनवर असे एकच छिद्र असले, तर दोनशे टी-शर्टांवर एकाच जागी दोनशे ठिपके उमटतात. हे धुणे नीट समजून घेणे व्यवसायासाठी आवश्यक आहेच. परंतु धुतलेले पाणी जेथे जाते, त्या परसातील विहिरीसाठीही ते तितकेच आवश्यक आहे.

जाळीची रचना

स्क्रीन म्हणजे लाकडी किंवा ॲल्युमिनियमच्या चौकटीवर ताणून बसवलेली बारीक जाळी. इंग्लंडमधील मँचेस्टरच्या सॅम्युअल सायमन यांनी १९०७ मध्ये या पद्धतीचे एकस्व घेतले, तेव्हा जाळी रेशमी होती. पीठ चाळण्यासाठी विणल्या जाणाऱ्या ‘बोल्टिंग’ कापडाचाच तो प्रकार होता आणि आपल्याकडील कारागीर आजही जाळीला ‘बोल्टिंग’ म्हणतात, ते त्यावरूनच. दुसऱ्या महायुद्धानंतर रेशमाची जागा नायलॉनने आणि पुढे मुख्यतः पॉलिस्टरने घेतली.

जाळीची बारीकी एका सेंटिमीटरमध्ये किती धागे आहेत, यावरून ठरते. कापडावरील जाड शाईसाठी साधारण ४३ ते ७७ धाग्यांची, तर कागदावरील नाजूक अक्षरांसाठी १०० ते १४० धाग्यांची जाळी वापरतात. बाजारात हाच हिशेब इंचावर सांगितला, तर ४३ ची जाळी सुमारे ११० आणि १२० ची जाळी सुमारे ३०५ क्रमांकाची ठरते.

१२० धाग्यांच्या जाळीत एका धाग्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंतचे अंतर सुमारे ८३ मायक्रॉन असते. त्यातील ३४ मायक्रॉन धागाच व्यापतो. उरलेली मोकळी खिडकी ५० मायक्रॉनहून अरुंद, म्हणजे माणसाच्या सर्वसाधारण केसाच्या जाडीपेक्षाही लहान असते. धुळीचा जो कण डोळ्यांना दिसत नाही, तो एवढ्या खिडकीत सहज अडकतो. बोटाचा ओझरता स्पर्शही कित्येक खिडक्यांच्या कडांवर तेलाचा थर ठेवून जातो.

इमल्शन का धरत नाही

फोटो इमल्शन हा पाण्यात मिसळलेला प्रकाशसंवेदी लेप असतो. प्रकाश पडला की तो घट्ट होतो. चित्रामुळे प्रकाश न पोहोचलेला भाग पाण्याने धुऊन निघतो आणि तेथून शाई उतरते. हा लेप जाळीच्या प्रत्येक धाग्याभोवती सारखा पसरला, तरच चित्राच्या कडा स्वच्छ येतात आणि छपाईच्या घर्षणात लेप सुटत नाही.

पॉलिस्टरचा धागा गुळगुळीत असतो आणि तो स्वभावतः पाणी झटकतो. त्यातच विणताना लागलेले तेल, वाहतुकीतील धूळ, ताणताना लागलेल्या हातांचा घाम आणि मागच्या छपाईतील शाईचा किंवा थिनरचा अंश यांचा थर त्यावर असतो. पाण्यात मिसळलेले इमल्शन या तेलकट थरावरून मागे सरते. मग कोठे सुईच्या टोकाएवढी छिद्रे पडतात, कोठे माशाच्या डोळ्यासारखे गोल डाग दिसतात, तर कोठे प्रकाश देऊन धुताना लेपाचा तुकडाच सुटून येतो. अशा वेळी प्रकाशाचा वेळ वाढवून पाहिला जातो. त्याने दोष जात नाही. उलट बारीक रेषा बुजतात.

नवी जाळी

नवी जाळी स्वच्छ असते, हा मोठा गैरसमज आहे. तिच्यावर कारखान्यातील तेलाचा अंश असू शकतो, म्हणून चौकटीवर ताणल्यानंतर पहिल्या वापरापूर्वी ती तेलमुक्त करावीच लागते.

नव्या पॉलिस्टर जाळीचा पृष्ठभाग किंचित खरखरीत केल्यास लेप अधिक घट्ट बसतो. त्यासाठी याच कामाकरिता मिळणारी अतिबारीक सिलिकॉन कार्बाइडची पूड किंवा तयार खरडद्रव वापरतात. ओल्या जाळीच्या छपाईकडील बाजूवर मऊ ब्रशने हलका हात फिरवून ती भरपूर पाण्याने धुऊन टाकावी. ही क्रिया जाळीच्या आयुष्यात एकदाच पुरते. भांडी घासण्याची पूड येथे वापरू नये. तिचे कण ओबडधोबड असल्याने ते धागे कापतात आणि खिडक्यांत अडकून बसतात. तारेचा काथ्या तर जाळीच्या जवळही आणू नये.

वापरलेली जाळी : क्रमाने चार पायऱ्या

जुने चित्र काढून तीच जाळी पुन्हा वापरताना चार कामे ठरावीक क्रमानेच करावी लागतात. एक पायरी गाळली, की तिचा दोष पुढच्या पायरीत उतरतो.

पहिली पायरी शाईची. छपाई संपताच स्क्वीजीने उरलेली शाई खरडून डब्यात परत घ्यावी. जितकी शाई डब्यात जाईल, तितके धुण्याचे रसायन वाचेल. नंतर शाईच्या जातीला योग्य असा द्रव वापरावा : पाण्यावर आधारित शाईसाठी पाणी, प्लास्टिसोलसाठी तिचा धुण्याचा द्रव, विद्रावकावर आधारित शाईसाठी तिचा उत्पादक सांगेल तो थिनर. शाई वाळून घट्ट झाल्यावर काम अनेक पटींनी वाढते, म्हणून पाण्याच्या शाईची स्क्रीन दुसऱ्या दिवसासाठी ठेवूच नये. रॉकेलने पुसण्याची जुनी सवय तर दुहेरी नुकसान करते. रॉकेल शाई सैल करते, पण स्वतःचा तेलकट थर मागे ठेवते.

दुसरी पायरी इमल्शनची. शाई पूर्ण निघाल्याशिवाय ही पायरी सुरू करू नये, कारण शाईच्या थराखाली इमल्शन काढणारे द्रावण पोहोचत नाही. हे द्रावण बहुधा सोडियम मेटापिरिऑडेटचे असते. ते ओल्या जाळीच्या दोन्ही बाजूंना ब्रशने लावून अर्धा ते दोन मिनिटे थांबावे आणि लेप विरघळू लागला की दाबाच्या पाण्याने धुऊन काढावा. एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळावी : हे द्रावण जाळीवर वाळू देऊ नये. वाळल्यास उरलेले इमल्शन इतके घट्ट होते की ते पुन्हा निघत नाही आणि जाळी टाकून द्यावी लागते. मध्येच ग्राहक आला किंवा दूरध्वनी वाजला, तर आधी जाळीवर पाणी मारावे आणि मगच वळावे.

तिसरी पायरी छायेची. इमल्शन गेल्यानंतरही जाळीवर मागच्या चित्राची फिकट सावली दिसते. तो धाग्यांत मुरलेला शाईचा रंग किंवा शाई-इमल्शनचा अंश असतो. नुसता रंग असून खिडक्या मोकळ्या असतील, तर ती सावली निरुपद्रवी आहे. जाळी उजेडासमोर धरून खिडक्या बंद दिसल्या, तरच छाया काढणारे रसायन वापरावे. ते बहुधा कॉस्टिक म्हणजे तीव्र अल्कधर्मी असते आणि जास्त वेळ राहिल्यास पॉलिस्टरचा धागाच कुजवते. वेष्टनावर दिलेल्या वेळेहून एक मिनिटही अधिक ते ठेवू नये. ताणलेली जाळी छपाई चालू असताना एकाएकी फाटण्यामागे अनेकदा हेच कारण असते.

चौथी पायरी तेल काढण्याची. ही पायरी सर्वांत सोपी असल्यामुळेच सर्वाधिक वेळा गाळली जाते. स्क्रीन छपाईसाठी मिळणारा डिग्रीझर ओल्या जाळीच्या दोन्ही बाजूंवर मऊ ब्रशने गोलाकार फिरवून फेस काढावा, चौकटीच्या आतील कडा आणि कोपरेही घासावेत, अर्धा मिनिट थांबावे आणि फेसाचा मागमूस राहणार नाही इतके पाणी वरून खाली सोडावे. भांड्यांच्या साबणाने जाळी धुतली की काम झाले, असे अनेक जण मानतात. परंतु त्यातील सुगंधी द्रव्ये आणि हात मऊ ठेवणारे घटक स्वतःच जाळीवर थर ठेवतात. डिग्रीझरचा ब्रशही वेगळा असावा. शाईसाठी वापरलेला ब्रश येथे आणल्यास काढलेले तेल पुन्हा लावल्यासारखे होते.

या पायरीनंतर जाळीला बोट लावायचे नाही. चौकट फक्त कडांनी धरावी आणि फडक्याने जाळी पुसू नये.

पाण्याचा पडदा : घरच्या घरी परीक्षा

जाळी खरोखर तेलमुक्त झाली की नाही, हे ओळखण्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. शेवटचे पाणी मारल्यावर चौकट उभी धरून उजेडात पाहावी. पाणी सबंध जाळीवर काचेसारखा एकसंध पडदा धरून हळूहळू खाली उतरत असेल, तर जाळी तयार आहे. पडदा कोठे फाटत असेल, पाण्याचे थेंब होत असतील किंवा एखादा भाग लगेच कोरडा पडत असेल, तर त्या जागी तेल आहे. अशा वेळी तेवढाच भाग न घासता सबंध जाळी पुन्हा धुवावी.

शिकाऊ मुलाला पहिल्या दिवशी हीच परीक्षा शिकवावी. एक मिनिटाच्या या तपासणीने पुढचे कोटिंग, वाळवण, एक्स्पोजर आणि शाई यांवरील खर्च वाचतो.

गोव्याचा पावसाळा आणि वाळवण

धुतलेली जाळी इमल्शन लावण्यापूर्वी पूर्ण कोरडी हवी. खिडक्यांत पाणी राहिले, तर तेथे लेप पातळ होतो आणि त्या जागी पुन्हा छिद्र पडते. गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. या काळात हवेतील आर्द्रता दिवसेंदिवस ८० टक्क्यांच्या वर राहते. मार्चमध्ये जी जाळी अर्ध्या तासात वाळते, ती जुलैमध्ये वरून कोरडी वाटली तरी चौकटीच्या सांध्यात ओली असते. दुसऱ्या दिवशी तीच ओल लेपाखाली झिरपते.

लहान जागेतही यावर उपाय शक्य आहे. दारे-खिडक्या बंद होतील अशी एखादी लहान खोली किंवा कपाट केवळ वाळवणीसाठी राखून ठेवावे. त्यात आर्द्रता शोषणारे यंत्र लावून सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली आणावी आणि तपमान ४० अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊ देऊ नये. स्वस्तात मिळणारा आर्द्रतामापक भिंतीवर टांगला, की अंदाजाचे काम संपते. नुसता पंखा लावला, तर तो बाहेरची दमट हवाच फिरवतो आणि जमिनीवरची धूळ उडवतो. लाकडी चौकटींना पाणी चढू नये म्हणून त्यांवर वॉर्निशचे दोन-तीन हात द्यावेत. अन्यथा चौकट वाकते, जाळी सैल पडते आणि दोन रंगांचे चित्र एकमेकांवर बसत नाही.

तयार जाळी त्याच दिवशी लेपावी. रात्रभर उघडी राहिलेली जाळी धूळ आणि स्वयंपाकघरातील तेलकट वाफ गोळा करते. घरातच छपाई चालते तेथे तर हे हमखास घडते. अशी जाळी वापरण्यापूर्वी चौथी पायरी पुन्हा करावी.

कोणते पाणी वापरावे

पेडणे आणि डिचोलीत धुण्याच्या पाण्याचाही विचार करावा लागतो. दोन्ही तालुक्यांत जांभ्या दगडाची जमीन मोठ्या प्रमाणात आहे आणि अशा भागांतील काही विहिरींच्या व कूपनलिकांच्या पाण्यात लोहाचा अंश आढळतो. डिचोलीच्या खाणपट्ट्यात पावसाळ्यात व्हाळांचे पाणी लाल मातीने गढूळ होते. पेडण्याच्या किनारी भागात उन्हाळ्याच्या अखेरीस काही विहिरी मचूळ होतात. मातीचा कण खिडक्यांत बसतो, तर मचूळ पाणी वाळल्यावर क्षाराचे डाग ठेवते.

पांढऱ्या बालदीत पाणी रात्रभर झाकून ठेवावे. सकाळी तळाशी तांबूस गाळ दिसला, तर ते पाणी गाळणीतून घ्यावे आणि शेवटचे धुणे तरी नळाच्या शुद्ध पाण्याने करावे. पेडण्यात चांदेल प्रकल्पाचे नळपाणी जेथे येते, तेथे शेवटच्या धुण्यापुरते पाणी साठवून ठेवणे कठीण नाही. आधीच्या पायऱ्यांसाठी विहिरीचे पाणी चालते.

धुतलेले पाणी कोठे जाते

दुकानामागची न्हाणी, तेथून उघडे गटार आणि पुढे माडाचे आळे किंवा व्हाळ हा लहान छापखान्यातील सांडपाण्याचा नेहमीचा मार्ग. पेडण्यातील व्हाळ तेरेखोल आणि शापोरा या नद्यांकडे, तर डिचोलीतील बहुतेक मांडवीच्या खोऱ्याकडे जातात. त्याहून जवळचा धोका विहिरीला असतो. जांभा हा सच्छिद्र दगड आहे. त्यावर ओतलेले पाणी भराभर खाली मुरते आणि ज्या भूजलात ते मिसळते, त्यातूनच शेजारचे घर पिण्याचे पाणी शेंदते.

या पाण्यात थिनर, शाईतील रंगद्रव्ये, इमल्शनचा चिकट गाळ आणि ऑक्सिडीकारक रसायने असतात. सर्वांत गंभीर बाब डायक्रोमेटची आहे. जुन्या पद्धतीत इमल्शनला प्रकाशसंवेदी करण्यासाठी अमोनियम किंवा पोटॅशियम डायक्रोमेट मिसळले जाते. ते स्वस्त आहे, परंतु त्यातील षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक असून त्वचा आणि श्वसनमार्गालाही अपायकारक आहे. त्याऐवजी डायझोवर आधारित किंवा एका डब्यात तयार मिळणारी फोटोपॉलिमर इमल्शने वापरता येतात. त्यांची किंमत अधिक असली, तरी डायक्रोमेटचे पाणी एकदा विहिरीत उतरल्यावर ते काढण्याचा घरगुती उपाय नाही.

छापखान्याने किमान तीन गोष्टी कराव्यात. न्हाणीच्या तोंडाशी बारीक जाळी आणि दोन कप्प्यांची निवळण टाकी बसवावी, म्हणजे इमल्शनचे तुकडे आणि गाळ तेथेच अडकेल. थिनर कधीही पाण्यात ओतू नये. तो डब्यात निवळू देऊन वरचा भाग पहिल्या धुण्यासाठी पुन्हा वापरावा. शाईची फडकी, वाळलेला गाळ आणि रिकामे डबे घरगुती कचऱ्यात न देता वेगळे ठेवावेत. फडकी झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात असावीत, कारण ती सहज पेट घेतात. घातक कचऱ्याची विल्हेवाट आणि सांडपाणी सोडण्याची परवानगी यांबाबत गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे चौकशी करावी. १९७४ चा जलप्रदूषण कायदा आणि घातक कचऱ्याविषयीचे २०१६ चे नियम यांची माहिती परसातील छपाई करणाऱ्यालाही हवी.

हात, डोळे आणि श्वास

चारही पायऱ्यांत रबरी हातमोजे आणि चष्मा वापरावा. दाबाच्या पाण्याने उडणारे कॉस्टिकचे थेंब डोळ्याला कायमची इजा करू शकतात. डोळ्यांत काही गेल्यास पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवावे आणि लगेच रुग्णालय गाठावे. थिनरचे काम उघड्या हवेत, चुलीपासून आणि देवघरातील दिव्यापासून दूर करावे. पिरिऑडेट आगीला पोषक असते, म्हणून ते थिनर, फडकी आणि लाकूड यांपासून वेगळ्या कपाटात ठेवावे.

इमल्शन काढण्यासाठी ब्लीचिंगचे पाणी वापरण्याची पद्धतही काही ठिकाणी आहे. ब्लीचिंगमध्ये आम्ल मिसळले तर क्लोरीन वायू सुटतो आणि बंद न्हाणीत तो जीवघेणा ठरू शकतो. संडास साफ करण्याचे अनेक द्रव आम्लयुक्त असतात, म्हणून ते आणि ब्लीचिंग एका जागी ठेवूही नयेत.

कामाचा क्रम

छापखान्याच्या भिंतीवर एवढा क्रम लिहून ठेवला तरी पुष्कळ साधेल : शाई खरडून डब्यात, योग्य द्रवाने उरलेली शाई साफ, इमल्शन काढणे व न वाळू देता धुणे, गरज असेल तरच छाया काढणे, दोन्ही बाजूंनी तेल काढणे, पाण्याच्या पडद्याची परीक्षा, बंद जागेत वाळवण, त्याच दिवशी लेप. प्रत्येक चौकटीवर क्रमांक घालून ती कधी धुतली आणि कोणता दोष आला, याची नोंद एका वहीत ठेवली, तर दोन-तीन महिन्यांत चूक कोणत्या पायरीवर होते ते स्पष्ट दिसते.

नेमके रसायन, नेमका वेळ आणि नेमके प्रमाण पाळले, तर जाळी अधिक टिकते, डबा उशिरा संपतो आणि न्हाणीतून बाहेर जाणारे विषही घटते. चवथीच्या कामांची गर्दी सुरू होण्यापूर्वी, जूनच्या पहिल्या आठवड्यातच, निवळण टाकी साफ करून आणि वाळवणीची जागा तयार ठेवून या क्रमाला सुरुवात करता येईल.